कृपया प्रसिद्धीसाठी

महाराष्ट्रात चार माणसं एकत्र आली की मंडळ निघतं आणि मंडळ निघालं की पदं वाटावी लागतात. ज्याच्याकडे पैसे असतात तो अध्यक्ष. ज्याला अध्यक्ष व्हायचं होतं तो उपाध्यक्ष. ज्याचं अक्षर बरं तो चिटणीस. खजिनदार म्हणून समोरच्याच इमारतीत राहणारा माणूस बघतात, म्हणजे खिडकीतून लक्ष ठेवता येतं. एवढं झाल्यावर एक गृहस्थ उरतात. निवृत्त, निर्व्यसनी, स्वतःची स्कूटर असलेले आणि कुणाला ‘नाही’ म्हणायची सवय नसलेले. सगळी सभा त्यांच्याकडे वळून बघते, एकजण सूचक होतो, दुसरा अनुमोदन देतो आणि ते प्रसिद्धिप्रमुख होतात. स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना प्रसिद्धी मिळवून द्यायची, असं हे पद. ते सहसा तहहयात असतं, कारण पुढे कुणी ते मागायला येत नाही.

पुण्यातल्या कुठल्याही मराठी दैनिकाच्या कचेरीत दुपारी साडेचारनंतर जिन्याशी उभं राहिलं तर या जमातीचे दोनतीन नमुने हमखास दिसतात. गणपती मंडळाचा तरुण मोबाइलवर बोलत येतो आणि बोलतच परत जातो. वधू-वर मेळाव्याच्या बाई येतात, त्या बसतात. मला यांतले सगळ्यात जवळचे म्हणजे काका. त्यांच्या मंडळाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ते हा लेख फूटपट्टीने मोजतील. ते का, हे पुढे येईलच.

काका बँकेतून निवृत्त झाले, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. बाह्या कोपरापर्यंत असलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. खांद्याला रेक्झिनची बॅग. पुणेकर असल्यामुळे हेल्मेट डोक्यात कमी आणि कोपरात जास्त. मी नोकरीला लागले तेव्हा ते मला ‘मॅडम’ म्हणत. पुढे कधीतरी माझ्या वडिलांचं खातं त्यांच्याच शाखेत होतं असा शोध लागला आणि ते ‘अगं’वर आले. बातमी द्यायची असली की मात्र अजूनही ‘मॅडम’च. पाकीट टेबलावर ठेवायच्या आधी मॅडम, पाकीट मी उचलून ठेवलं की अगं. यात त्यांची कधीही गफलत होत नाही.

पाकिटात प्रेसनोट असते. मंडळाचं लेटरहेड, त्यावर डाव्या बाजूला कार्यकारिणीची नावं, म्हणजे अर्धा कागद तिथेच संपलेला. उरलेल्या अर्ध्यावर ‘कृपया प्रसिद्धीसाठी’, खाली ‘प्रति, मा. संपादक’ आणि ‘विषय : बातमी प्रसिद्ध करणेबाबत’. मग ‘आपल्या लोकप्रिय दैनिकात’. हे शब्द सगळ्या दैनिकांना सारखेच असतात. ज्या सायंदैनिकाचा अंक त्याचे मालक आणि प्रेसमधला माणूस एवढेच वाचत असावेत, तेही काकांच्या लेखी लोकप्रियच.

मग बातमी. ती जशी घडली तशी, घड्याळाच्या क्रमाने. आधी सरस्वतीपूजन, मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, स्वागतगीत म्हणणाऱ्या चार मुलींची नावं, पेटीची साथ, तबल्याची साथ. त्यानंतर प्रास्ताविक, परिचय, सत्कार, शाल कुणी दिली, श्रीफळ कुणी दिलं. बातमी कशी लिहावी हे शिकवताना आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात की सगळ्यात महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात आलं पाहिजे, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं. काकांची नोट खालून कापली तर बातमीच जाते आणि वरून कापली तर अध्यक्ष जातात. एकदा त्यांच्याकडे पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्यावर व्याख्यान झालं. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पेशव्यांनी आणलेला नळ आणि पेठांमधले हौद, असा विषय. मला त्यात खरोखर रस होता. नोटेत सहाव्या परिच्छेदाच्या शेवटी एवढंच होतं : ‘प्रमुख वक्त्यांनी पाण्याविषयी मौलिक विचार मांडले.’

“काय विचार मांडले, काका?”

“मौलिकच होते.”

“म्हणजे काय म्हणाले?”

काकांनी चष्मा काढून पुसला. “खरं सांगू का मॅडम? तेव्हा मी फोटोवाल्याला शोधत होतो.”

फोटोवाला हा स्वतंत्र विषय आहे. व्यासपीठावर अकरा माणसं, समई एक, मेणबत्ती एक. मेणबत्ती प्रमुख पाहुण्यांच्या हातात आणि उरलेल्या दहाजणांचा एकेक हात पाहुण्यांच्या कोपराला लागलेला. वात पेटण्याच्या क्षणी सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात, त्यामुळे ती पेटली की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. ‘डावीकडून’ म्हणून अकरा नावं. त्यातला एक कायम पाठमोरा असतो आणि नेमका तोच देणगीदार निघतो. पूर्वी हा फोटो पोस्टकार्डाच्या आकारात, मागे पेन्सिलीने नावं लिहून यायचा. आता तो व्हॉट्सअॅपवर येतो. मंडळाच्या पाच गटांमधून फिरून आल्यावर त्यातल्या माणसांना फक्त चष्म्यावरून ओळखता येतं. ‘मूळ फोटो पाठवा’ म्हटलं की काका स्वतः येतात, मोबाइल घेऊन. मूळ फोटो म्हणजे मोबाइलच, अशी त्यांची समजूत.

नोटेचंही तेच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मेलने यायचा आणि आमच्याकडे उघडला की रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची रांगोळी दिसायची. युनिकोडमध्ये पाठवा, असं आमच्या डेस्कने काकांना अनेकदा विनवलं. शेवटी काकांनी उपाय काढला. आता ते नोट छापतात, लेटरहेडवर सही-शिक्का मारतात, तिचा फोटो काढतात आणि तो पाठवतात. शिक्क्याशिवाय मजकूर त्यांना उघडा वाटतो. आमच्या डेस्कवरची पोरगी तो फोटो शेजारी ठेवून सगळं पुन्हा टाइप करते आणि सहचिटणीसांच्या आडनावातला र्‍हस्व उकार दीर्घ होतो. मग दुसऱ्या दिवशी साडेचारला काका.

काका भांडत नाहीत. ते दुःखी होतात, जे जास्त त्रासदायक आहे. त्यांचं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे ‘आदी’. सतरा नावं छापायला जागा नसते, म्हणून आम्ही चार छापतो आणि ‘आदी मान्यवर उपस्थित होते’ असं लिहून मोकळे होतो. मंडळात याला ‘आदीत जाणं’ म्हणतात. कुणी सलग तीन वेळा आदीत गेला की तो वर्गणी द्यायचं थांबवतो. काकांनी त्यावर पाळीपाळीची पद्धत काढून पाहिली. गेल्या वेळी जे आदीत होते त्यांची नावं या वेळी वर घ्यायची. हा तक्ता त्यांनी चक्क मला दिला होता, टेबलाच्या काचेखाली ठेवायला. मी ठेवलाही. पण रात्री पान लावताना त्याच जागी टायरची जाहिरात आली आणि सगळं मंडळ एका ओळीत आदीत गेलं.

फूटपट्टीचं सांगायचं राहिलं. काकांच्या बॅगेत एक लांब, लाल पुठ्ठ्याची वही असते, बँकेतल्या आवक-जावक रजिस्टरसारखी आखलेली. तारीख, कार्यक्रम, दैनिक, कुणाच्या हाती दिली, केव्हा आली, पान, कॉलम आणि शेवटी सेंटिमीटर. रोज सकाळी ते पट्टीने मोजतात. मथळा धरून वेगळे, न धरून वेगळे. मार्चअखेर बेरीज होते आणि वार्षिक सभेत काका उभे राहून वाचतात की सरत्या वर्षी मंडळाला एकूण इतके मीटर प्रसिद्धी मिळाली. टाळ्या पडतात. आम्ही ऑफिसात यावर खूप हसलो होतो. नंतर मला कळलं की मोठ्या कंपन्यांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या संस्था नेमकं हेच करत आल्या आहेत. फरक एवढाच की त्या सेंटिमीटरला जाहिरातीच्या दराने गुणतात आणि ग्राहकाला सांगतात, बघा, तुम्हाला इतक्या लाखांची जागा फुकट मिळाली. शेवटी २०१० साली या क्षेत्रातली जगभरची मंडळी बार्सिलोनात जमली आणि त्यांनी जाहीर केलं की असल्या गुणाकाराने प्रसिद्धीचं मोल ठरत नाही. काकांनी कधी गुणाकार केलाच नाही. त्यांचा हिशेब निव्वळ लांबीचा, आणि तो चोख.

आता इथवर वाचून कुणालाही वाटेल की अशा माणसाची बातमी कोण छापणार? गंमत अशी की काकांची बातमी येते. सिंगल कॉलम का होईना, येतेच. आणि मोठ्या संस्थांच्या गुळगुळीत कागदावरच्या, दोन भाषांतल्या, पेनड्राइव्हसकट आलेल्या नोटा केराच्या टोपलीत जातात. याचा मी बराच विचार केला आहे, कारण तो विचार करायला मला वेळ मिळतो. रात्री पावणेनऊला, पानं सोडायची घाई चाललेली असताना, फोन वाजतो आणि पलीकडची मुलगी म्हणते, “सर, मेल मिळाला का?” मी बाई आहे आणि ‘सर’ नाही, हे तिच्या यादीत नाही. मी नाटक-संगीत बघते आणि तिचा मेल फ्रिजबद्दल आहे, हेही नाही. मेलमध्ये लिहिलेलं असतं, ‘आम्ही ही घोषणा करताना रोमांचित आहोत.’ हे मराठी कुठल्या यंत्रातून निघालं ते दिसतंच. त्या मुलीवर मला राग धरवत नाही. तिच्यापुढे पन्नास नावांचा तक्ता असतो, प्रत्येकापुढे ‘फोन केला’ अशी खूण करायची असते आणि तिचा साहेब ती खूण मोजतो. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की त्या पन्नासांपैकी एकाचा तरी अंक आधी वाचून बघ.

काका अंक वाचतात. मोजण्यासाठी उघडतात हे खरं, पण एकदा उघडल्यावर ते शेवटच्या पानावरच्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीपर्यंत वाचतात. त्यामुळे कुठल्या वाराला कुठली पुरवणी, ‘आजचे कार्यक्रम’ कुणाकडे कितव्या पानावर, निधनवार्ता कोण लिहितं, कुणाला गाण्यातलं कळतं आणि कुणाला कळत नसून लिहावं लागतं, हे सगळं त्यांना पाठ आहे. माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. मंगळवारी त्यांचा फोन मला कधीच आला नाही. संध्याकाळी सातनंतरही नाही. सात म्हणजे डाक आवृत्तीची गडबड, हे त्यांना आमच्या नव्या बातमीदारांच्या आधी कळतं. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद, म्हणून सोमवारच्या अंकाला बातम्या कमी पडतात. तेव्हा मंडळाचा कार्यक्रम रविवारी सकाळी ठेवायचा आणि नोट दुपारी तीनला पोचवायची, हा त्यांचा शोध. तो त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. १५ ऑगस्टला आम्हाला सुट्टी म्हणजे १६ ला अंक नाही, तेव्हा झेंडावंदनाची बातमी १७ ला शिळी होऊन येणार. म्हणून त्यांनी कार्यकारिणीत एकदा झेंडावंदन १४ तारखेला करता येईल का, असं विचारलं होतं म्हणतात. हे मंडळातल्या विरोधकांनी उठवलेलं असावं.

वाटपाचा त्यांचा क्रम ठरलेला आहे. स्कूटर प्रथम नारायण पेठेत, केसरीवाड्यात. “लोकमान्यांना पहिली प्रत” असं म्हणून ते तिथून निघतात आणि मग बाकीचे. मी एकदा त्यांना म्हटलं, काका, एखादी बातमी फक्त आम्हाला द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका, मग बघा कशी मोठी लागते. असं म्हटल्यावर कुठलाही धंदेवाईक जनसंपर्कवाला टुणकन उडी मारेल. काकांचा चेहरा पडला. “म्हणजे बाकीच्यांपासून लपवायची? छे गं. मंडळाला ते शोभत नाही.” एका ग्राहकाच्या लॉकरची किल्ली दुसऱ्याला देण्यासारखं काहीतरी मी सुचवलं, असं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

६ जानेवारी म्हणजे पत्रकार दिन. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. त्या दिवशी नेते आणि उद्योजक संपादकांना पुष्पगुच्छ पाठवतात. काका येतात आणि दुसऱ्या मजल्यावर पानं लावणाऱ्यांकडे जातात. तिथून खाली दारावरच्या शिपायाकडे, मग टेलिफोनवरच्या बाईंकडे. प्रत्येकाला गुलाबाचं एक फूल आणि मंडळाचं छोटं कॅलेंडर. आमच्याकडे ते सगळ्यात शेवटी येतात आणि तोपर्यंत बहुधा फुलं संपलेली असतात. “तुम्ही लिहिता,” ते समजावून सांगतात, “पण रात्री अकराला जागा उरली की त्यात काय बसवायचं ते वरचा पोरगा ठरवतो.” हे इतकं खरं आहे की आमच्यातल्या काहींना ते आवडलं नाही. पुढे आठवड्याभराने संक्रांतीला पुन्हा फेरी. “तिळगूळ घ्या, गोड बोला,” आणि मग जरा आवाज खाली करून, “आणि जमलं तर दोन कॉलम.”

यापलीकडे त्यांनी कुणाला काही दिल्याचं मला माहीत नाही. नवी पेठेत पत्रकार भवनात त्यांनी घेतलेल्या पत्रकार परिषदांना चहा आणि बटाटेवडा मिळतो. निमंत्रणावर ‘अल्पोपाहाराची व्यवस्था केली आहे’ असं छापलेलं असतं. आणि वडे मोजून आणलेले असतात. २००९ च्या निवडणुकांत ‘पेड न्यूज’चा मोठा बोभाटा झाला, उमेदवारांनी पैसे मोजून बातम्या छापून घेतल्याचं बाहेर आलं, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर जाडजूड अहवाल लिहिला. आमच्याकडे त्या दिवसांत कुणी त्या विषयावर मोठ्याने बोलत नसे. काका लाल वही घेऊन आले, खुर्ची ओढून बसले आणि अगदी काळजीने म्हणाले, “मॅडम, एक विचारू? बातमीचे पैसे असतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. इतकी वर्षं आमचं छापून येतंय. बाकी बरीच निघत असेल का?” त्या मोसमात या विषयावर मी बरेच अग्रलेख वाचले. इतकं झोंबलेलं दुसरं काही आठवत नाही.

एकदा चहा पिताना मी काकांना त्यांच्या विद्येच्या मूळपुरुषाची गोष्ट सांगितली. आयव्ही ली. वर्तमानपत्रात बातमीदारी करून मग पलीकडच्या बाजूला गेलेला अमेरिकन गृहस्थ. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात कोसळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत अशी की अपघात झाला की तोंड मिटून बसायचं. लीने पेनसिल्व्हेनिया रेल्वेला उलटं करायला लावलं. काय झालं ते कंपनीनेच लिहून वर्तमानपत्रांना दिलं, शिवाय बातमीदारांना आणि छायाचित्रकारांना जागेवर न्यायची सोय केली. जगातली पहिली प्रेसनोट म्हणून तिचं नाव घेतात. “आणि काका, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती जशीच्या तशी छापली होती.”

काकांचा कप वाटेतच थांबला. “जशीच्या तशी?”

“हो.”

“एक शब्द न कापता?”

“तसं सांगतात.”

ते बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “त्यात कंपनीच्या अध्यक्षांचं नाव कितव्या ओळीत होतं?”

हा चहा फार महत्त्वाचा आहे. आमच्या कचेरीची लिफ्ट बहुतेक बंद असते, काकांना गुडघ्यामुळे जिना हळूहळू उतरावा लागतो आणि सोबत म्हणून मी खाली टपरीपर्यंत जाते. नवीन पोरांना वाटतं, ही ताईंची चांगुलपणाची सवय. त्यात स्वार्थ आहे. पाकीट देऊन झालं, पद संपलं, आता ते नुसते आळीतले एक म्हातारे गृहस्थ, आणि आळीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळं माहीत असतं.

मंडळाने एका रुग्णालयाच्या मदतीने विनामूल्य मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर घेतलं. नोट नेहमीची. उद्घाटन, नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, आणि ‘शिबिराच्या यशस्वितेसाठी’ परिश्रम घेतलेल्यांची यादी. मी ती सिंगल कॉलमला लावली आणि आम्ही जिना उतरायला लागलो.

“अगं, आमच्या आळीत रंगारी मिळेना झालाय,” काका म्हणाले.

“दिवाळी तर लांब आहे.”

“दिवाळी कसली! त्या म्हाताऱ्या. पट्ट्या सुटल्या, घरी आल्या आणि भिंती बघितल्या.”

मग कळलं ते असं. मोतीबिंदू वाढत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. ते इतकं सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही, सगळं जग हळूहळू जुन्या कागदासारखं होतं आणि तेच खरं वाटतं. शस्त्रक्रिया झाली की पांढरं एकदम पांढरं दिसतं, निळा तर फारच निळा. आळीतल्या एक आजी घरी आल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “इतकी वर्षं मी या कळकट ओट्यावर स्वयंपाक केला आणि एकजण बोलला नाही?” दुसऱ्या आजींनी मुलाला बघितलं आणि म्हणाल्या, “तू पिकलास की रे!” तिसऱ्या आरशात बघून आल्या आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तीनही घरांत रंगकाम निघालं. त्यांचं बघून शेजाऱ्यांना आपल्या भिंतींची लाज वाटायला लागली. डॉक्टर म्हणे फार हसले.

“काका, हे नोटेत का नाही?”

“हे?” त्यांना खरंच नवल वाटलं. “ही कसली बातमी? ही गंमत आहे.”

मी आजींना भेटले, डॉक्टरांना भेटले, आळीत दोन चकरा मारल्या आणि रविवारी तीन कॉलम लागले, ओट्याजवळ उभ्या असलेल्या आजींच्या फोटोसह. मंडळाचा फोन दिवसभर वाजत होता. पुढच्या शिबिराची यादी त्या आठवड्यात भरली. काका सोमवारी साडेचारला आले. मला वाटलं, आनंदाने येतील. त्यांनी लाल वही उघडून माझ्यापुढे धरली. सेंटिमीटर भरपूर होते, मंडळाच्या इतिहासात एका दिवसात तेवढे कधी नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने लिहिलं होतं, ‘अध्यक्ष नाहीत’. कार्यकारिणीत त्यावर तास-दीड तास चर्चा झाली होती. उपाध्यक्षांना बातमी फार आवडली होती, ती अर्थात त्याच कारणाने.

पण मग अध्यक्ष कुठल्याशा लग्नाला गेले, तिथे चार जणांनी त्यांना “तुमच्या त्या आजी काय मस्त हो!” असं म्हटलं, आणि वारं फिरलं. पुढच्या बैठकीत रीतसर ठराव झाला की यापुढे प्रसिद्धिप्रमुखांनी प्रत्येक बातमीसोबत एक गंमत द्यावी.

तेव्हापासून काकांच्या नोटेला ‘परिशिष्ट अ : गंमत’ असतं. तेही लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. एक नमुना : ‘कोजागिरीच्या कार्यक्रमात मसाला दूध संपल्याने एका ज्येष्ठ सभासदांनी साधे दूध प्राशन केले, त्यामुळे उपस्थितांत हशा पिकला.’ दुसरा : ‘वक्ते वेळेवर आले.’ यात गंमत काय, असं विचारल्यावर काका म्हणाले की ती मंडळातल्या लोकांना कळते. गंमत नेमकी कुणाची घ्यायची यावरून आता रुसवेफुगवे होतात, आणि गमतीतही आडनावं सतरा असतात.

परवा ज्येष्ठ नागरिकांच्या बुद्धिबळ स्पर्धेची नोट आली. परिशिष्टातली गंमत अशी की एक स्पर्धक चष्मा घरी विसरले. मी मान डोलावली, पाकीट ट्रेमध्ये ठेवलं आणि आम्ही जिना उतरायला लागलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर काका दम घ्यायला थांबले.

“अगं, फायनल दोनदा पुढे ढकलावी लागली.”

“का?”

“दोघंही शेजारी. मधल्या भिंतीवरून कोर्टात आहेत, कैक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. फायनलच्या दिवशी नेमकी तारीख लागायची. शेवटी बसले समोरासमोर, तर ‘शह’ कोण कुणाला म्हणणार? म्हणून मधे मी बसलो. हे मला हळूच सांगायचे, मी त्यांना मोठ्याने सांगायचो, शह. ते मला सांगायचे, मी यांना सांगायचो. अडीच तास!”

मी पर्समध्ये हात घालून पेन शोधायला लागले. काकांनी पेनाकडे बघितलं, शर्ट नीट केला, हेल्मेट दुसऱ्या कोपरात घेतलं.

“मॅडम, लिहिताय? मग असं घ्या. पंच म्हणून मंडळाच्या सहचिटणीसांनी काम पाहिले.”